४९५ की ९५? वॉशिंग्टनच्या रिंगरोडवरच्या बोर्डांची पार्श्वभूमी

बाल्टिमोरहून वॉशिंग्टन डीसीकडे निघालात आणि आय-९५ साउथ (म्हणजे इंटरस्टेट ९५ हा आंतरराज्य महामार्ग, दक्षिणेकडे) धरलात की एक गंमत होते. रस्ता नाकासमोर शहराकडे चाललेला असतो, आणि मेरीलँडमधल्या कॉलेज पार्क गावाजवळ अचानक हिरवे बोर्ड सांगायला लागतात की ९५ वरच राहायचं असेल तर आता वळा, रिंगरोडवर चढा. तिकडे दक्षिणेत व्हर्जिनियात स्प्रिंगफील्डला नेमकं हेच उलट बाजूनं होतं, सरळ गेलात तर ३९५ लागतो आणि ९५ पाहिजे तर वळायचं. म्हणजे मेन राज्यापासून फ्लोरिडापर्यंत जाणारा, पूर्व किनाऱ्याचा सगळ्यात महत्त्वाचा हायवे, देशाच्या राजधानीपाशी येतो आणि तिला वळसा घालून पुढे जातो. नवीन माणूस इथं हमखास चुकतो. आणि चूक त्याची नाहीये, कारण हे बोर्ड ज्या नकाशावर बेतले होते तो नकाशाच कधी पूर्ण झाला नाही.

सुरुवातीपासून बघू. वॉशिंग्टनभोवती गोल रस्ता करायचा ही कल्पना १९५० च्या नियोजन आराखड्यात होती. तेव्हा त्याला नुसतंच सर्कमफरेन्शियल हायवे म्हणायचे, म्हणजे परिघावरचा रस्ता, बोलताना जीभ अडकेल असं नाव. १९५६ साली राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवरच्या काळात इंटरस्टेटचा कायदा झाला, खर्चाचा ९० टक्के वाटा केंद्र सरकार देणार म्हटल्यावर राज्यांची गाडी सुसाट सुटली. मेरीलँडमधला पहिला तुकडा १९५७ च्या ऑक्टोबरात उघडला, १९६० मध्ये कॅपिटल बेल्टवे हे नाव आलं, आणि १७ ऑगस्ट १९६४ ला अख्खं वर्तुळ पूर्ण झालं. लांबी ६४ मैल, म्हणजे साधारण १०३ किलोमीटर. त्यातला मोठा भाग मेरीलँडमध्ये, उरलेला व्हर्जिनियात, आणि ज्या शहराचा हा रिंगरोड त्या डीसीच्या हद्दीत किती, तर पोटोमॅक नदीवरच्या वुड्रो विल्सन ब्रिजवर पाण्याच्या वरून जाणारा इवलासा तुकडा. बस. रस्त्याला शहराचं नाव आणि शहरात रस्ताच नाही!

या वर्तुळाला नंबर मिळाला ४९५. इथं अमेरिकन नंबरांचं गणित समजून घ्यायला हवं, नाहीतर पुढचा घोळ कळणार नाही. विषम नंबर उत्तर-दक्षिण, सम नंबर पूर्व-पश्चिम, आणि विषम आकडे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाढत जातात, म्हणून ९५ एकदम पूर्वेला. तीन आकडी नंबर असेल तर शेवटचे दोन आकडे आईचं नाव सांगतात, आणि पहिला आकडा सम असेल तर तो रस्ता वळसा घालून परत मूळ हायवेला मिळतो किंवा शहराभोवती फिरतो, विषम असेल तर तो फाटा, शहरात घुसून संपणारा. म्हणजे ४९५ = ९५ चा वळसा. आता वळसा म्हटलं की सरळ रस्ताही आलाच ना? तर तो सरळ रस्ता म्हणजे आय-९५ स्वतः, जो शहराच्या पोटातून जाणार होता.

प्लॅन असा होता. दक्षिणेकडून शर्ली हायवे, जो १९४० च्या दशकापासूनच बांधायला घेतला होता, तो रिंगरोड ओलांडून पोटोमॅकपर्यंत, मग १४व्या स्ट्रीटच्या पुलावरून डीसीत, नॅशनल मॉलच्या (दुकानांचा मॉल नव्हे, शहराच्या मधलं स्मारकांचं मोठं मैदान) खालून बोगद्यातून उत्तरेला, आणि पुढे ईशान्येच्या वस्त्यांमधून मेरीलँडमध्ये कॉलेज पार्कला रिंगरोड ओलांडून थेट बाल्टिमोर. लांबच्या प्रवासाचे ट्रक शहर टाळून ४९५ ने जाणार, शहरात काम असलेले ९५ ने. कागदावर एकदम स्वच्छ.

दक्षिणेकडचा भाग झाला, मॉलखालचा बोगदाही झाला. उत्तरेकडे मात्र सगळं अडलं. नॉर्थ सेंट्रल फ्रीवे (फ्रीवे म्हणजे सिग्नल नसलेला वेगवान रस्ता) नावाचा हा तुकडा ब्रुकलंड, टाकोमा पार्क अशा राहत्या वस्त्यांमधून रेल्वेलाइनच्या कडेनं जाणार होता आणि घरं पाडायची वेळ आली तेव्हा लोक पेटले. रेजिनाल्ड बुकर आणि सॅमी अॅबट या दोघांनी चालवलेल्या कमिटीची घोषणा होती, 'काळ्यांच्या घरांतून गोऱ्यांचे रस्ते नकोत', आणि ही घोषणा नुसती चटकदार नव्हती, रस्ता कोणासाठी आणि घर कोणाचं जाणार याचा हिशोब त्यात एका ओळीत होता. काळे-गोरे रहिवासी एका आंदोलनात उतरले, जे त्या काळात तिथं रोज दिसणारं दृश्य नव्हतं. हे अॅबट पुढे टाकोमा पार्कचे महापौरही झाले.

१९६८ मध्ये कोर्टानं डीसीतल्या फ्रीवेंना ब्रेक लावला. त्यावर काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं, त्याच वर्षी कायद्यात लिहून टाकलं की बांधाच. शहराला तेव्हा स्वतःचं निवडून आलेलं सरकारच नव्हतं, त्यामुळे डीसीचा पैसा ज्यांच्या उपसमितीच्या हातात होता ते केंटकीचे खासदार विल्यम नॅचर यांनी सरळ मेट्रोचे पैसे अडवून धरले, आधी फ्रीवे आणि पोटोमॅकवरचा नियोजित थ्री सिस्टर्स ब्रिज, मग मेट्रो. केंटकीचा माणूस ठरवणार की वॉशिंग्टनकरांनी कशानं प्रवास करायचा! शेवटी १९७१ च्या डिसेंबरात काँग्रेसच्या प्रतिनिधी सभागृहानं त्यांचं म्हणणं डावलून मेट्रोचे पैसे मोकळे केले. थ्री सिस्टर्स ब्रिजचं काम जेमतेम सुरू झालं होतं, ते १९७२ च्या अॅग्नेस वादळात वाहून गेलं आणि नंतर कोणी परत हात लावला नाही. १९७३ च्या कायद्यानं न झालेल्या इंटरस्टेटचे पैसे सार्वजनिक वाहतुकीला वळवायची सोय झाली, ती डीसीनं पुरेपूर वापरली, १९७६ मध्ये मेट्रोचा पहिला टप्पा धावला. आणि मला आवडणारा भाग म्हणजे, जिथून तो फ्रीवे जाणार होता त्याच रेल्वेच्या कडेनं आज मेट्रोची रेड लाइन ब्रुकलंड, टाकोमा, सिल्व्हर स्प्रिंग करत जाते. मार्ग तोच राहिला, फक्त डांबराच्या जागी रूळ आले.

पण रस्ता रद्द केला तरी नंबर कुठे जाणार? बाल्टिमोरकडून आलेला ९५ कॉलेज पार्कला १९७१ मध्ये पोचलेला, दक्षिणेकडून आलेला डीसीत, मध्ये भोक. देशाचा मुख्य हायवे राजधानीत तुटलेला दाखवणं बरं दिसत नाही. मग १९७७ मध्ये तोडगा काढला, की रिंगरोडची पूर्वेकडची बाजू घ्या आणि तिलाच ९५ म्हणा. शर्ली हायवेचा रिंगरोडच्या आतला भाग आणि डीसीतला पुढचा तुकडा झाला ३९५, विषम आकडा, म्हणजे फाटा, शहरात जाऊन संपणारा, जो आजही न्यूयॉर्क अॅव्हेन्यूपाशी सिग्नलवर जाऊन थांबतो. इथपर्यंत ठीक. पण एका रस्त्यावर दोन नंबर नकोत असं वाटून त्यांनी पूर्वेच्या बाजूचे ४९५ चे सगळे बोर्ड उतरवले.

म्हणजे आता वर्तुळ एक, लोक म्हणतात बेल्टवे, पण पश्चिमेचं अर्धं ४९५ आणि पूर्वेचं अर्धं ९५. विचार करा, तुम्हाला कोणी सांगितलं ४९५ धरा आणि अमुक ठिकाणी उतरा, तुम्ही बिचारे ४९५ चा बोर्ड शोधताय, रस्ता तोच आहे, तुम्ही त्याच्यावरच आहात, पण बोर्डावर ९५ लिहिलंय, म्हणून तुम्ही उतरता आणि भलतीकडे जाता. १३ वर्षं झालेली सवय एका फटक्यात कशी मोडणार. बोर्ड लावणाऱ्यांच्या दृष्टीनं हे बरोबर होतं, एक रस्ता एक नंबर, पण गाडी चालवणाऱ्याच्या डोक्यात नंबर नसतो, वर्तुळ असतं. अखेर नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत पूर्वेच्या बाजूला ४९५ परत आणला, आता तिथं दोन्ही निळी-लाल ढालीची चिन्हं शेजारी शेजारी लटकतात. दोन नंबर नकोत म्हणून केलेला सगळा खटाटोप, आणि शेवटी दोन नंबरच.

दुसरी भानगड दिशांची. इंटरस्टेटच्या बोर्डावर नॉर्थ-साउथ किंवा ईस्ट-वेस्ट लिहायचा नियम, पण गोल रस्त्याला कसली आलीय दिशा, अर्ध्या तासापूर्वी तुम्ही उत्तरेला चालला होता आणि वळण न घेता आता दक्षिणेला चाललाय. म्हणून इथं इनर लूप आणि आउटर लूप हे शब्द रुळले आणि बोर्डांवरही आले. घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनं जाणारी बाजू इनर, उलट दिशेची आउटर, कारण तिथं उजवीकडून गाडी चालते, त्यामुळे घड्याळाच्या दिशेनं जाताना तुम्ही शहराच्या बाजूला असता. डावीकडून चालवायची सवय असलेल्याच्या डोक्यात हे नेमकं उलटं बसतं. बाहेरगावच्या माणसाला तर वाटतं की इनर आणि आउटर असे दोन वेगळे रिंगरोड आहेत, एक लहान एक मोठा. तो गैरसमज अगदी साहजिक आहे, नावच तसं आहे. दिशेसोबत शहराचं नाव लिहायची पद्धत आहे, बाल्टिमोर, रिचमंड, सिल्व्हर स्प्रिंग वगैरे, पण मेरीलँडच्या बोर्डांवर एके ठिकाणी काय लिहिलंय तर 'नॉर्दर्न व्हर्जिनिया'. हे काही गाव नाही, निम्मा नकाशा आहे.

एक्झिट, म्हणजे हायवेवरून उतरायच्या जागा, त्यांच्या नंबरांची कथा त्याहून भारी. आधी एक्झिटना ओळीनं नंबर होते, एक दोन तीन, नंतर ते मैलांप्रमाणे झाले. मेरीलँडमध्ये मोजणी वुड्रो विल्सन ब्रिजपासून आउटर लूपच्या दिशेनं, म्हणजे घड्याळाच्या उलट, २ पासून सुरू होते. कॉलेज पार्कला २७ येतो. तिथून दोन रस्ते फुटतात आणि दोघंही आपापली मोजणी पुढे चालू ठेवतात, त्यामुळे ९५ वरही एक्झिट २९, ३३, ३८ आहेत आणि ४९५ वरही २९, ३३, ३८ आहेत! फोनवर कोणाला 'एक्झिट ३३ ला उतर' सांगताना रस्ता सांगायला विसरलात की माणूस गेलाच. ४९५ ची मोजणी ४१ वर पोटोमॅक ओलांडते, व्हर्जिनियानं शहाणपणा करून तीच पुढे नेली, ४३ पासून ५७ पर्यंत, स्प्रिंगफील्डला. आणि तिथून पुढचा एक्झिट कुठला? १७३. कारण तिथं ९५ येऊन मिळतो आणि त्याची मोजणी व्हर्जिनियाच्या दक्षिण सीमेपासून चालत आलेली असते, मग १७४, १७६, १७७, पूल, आणि परत २. वर्तुळाची एक फेरी मारली तर आकडे असे उड्या मारतात. १९७७ चा निर्णय तुम्हाला इथं रोज दिसतो, फक्त तसं कोणी म्हणत नाही.

९५ चे बाकीचे नातेवाईकही बघण्यासारखे. यूएस ५० या (इंटरस्टेटहून वेगळ्या, जुन्या) हायवेचा अॅनापोलिसकडे जाणारा तुकडा अधिकृतपणे आय-५९५ आहे, पण त्याचा बोर्डच कुठे लावलेला नाही. नंबर आहे, बोर्ड नाही. तर ६९५ दोन आहेत, एक बाल्टिमोरचा रिंगरोड आणि एक डीसीतला छोटा तुकडा, राज्य वेगळं म्हणून नियमात बसतं.

या नंबरांच्या खेळाचा खराखुरा भार पडला तो पुलावर. वुड्रो विल्सन ब्रिज १९६१ मध्ये उघडला, सहा लेन, दिवसाला ७५,००० गाड्या धरून बनवलेला, शिवाय जहाज आलं की वर उचलायचा. शहरातला रस्ता रद्द झाल्यामुळे किनाऱ्याची सगळी ९५ ची वाहतूक याच पुलावरून जायला लागली, आजूबाजूचा बेल्टवे आठ लेनचा झाला आणि पूल सहाचाच राहिला, शतक संपेपर्यंत आकडा दोन लाखांच्या घरात गेला. आठ लेनमधून सहात घुसायचं आणि वर कधीमधी पूल उघडणार. नवीन जोडपूल २००६ आणि २००८ मध्ये सुरू झाले, बारा लेनचे, उंचही जास्त म्हणून उघडावे कमी लागतात. बोर्डांवर मात्र तेव्हापासून नवीन शब्द आले, 'थ्रू' आणि 'लोकल'. म्हणजे लांब जाणारे वेगळ्या लेनमध्ये आणि जवळ उतरणारे वेगळ्या. मूळ प्लॅनमध्ये हीच वाटणी ९५ आणि ४९५ अशा दोन रस्त्यांत होती, आता एकाच पुलावर शेजारी शेजारी आहे. स्प्रिंगफील्डचा गुंताही, ज्याला लोक मिक्सिंग बोल म्हणतात, १९९९ ते २००७ मध्ये नव्यानं बांधला, आणि २०१२ मध्ये व्हर्जिनियाच्या बाजूला १४ मैलांच्या टोल एक्सप्रेस लेन आल्या, म्हणजे बोर्डांची अजून एक रांग.

आणि कॉलेज पार्कला, जिथून ९५ सरळ शहरात जाणार होता, तिथं त्या न झालेल्या रस्त्यासाठी घेतलेल्या जागेवर आता पार्क अँड राइडचं पार्किंग आहे. लोक तिथं गाडी लावतात आणि बसनं पुढे जातात.