दहा मीटरवर गर्दी, तीनशे मीटरवर शुकशुकाट

नेमबाजीत एअर रायफल आणि एअर पिस्तुलाला नावं मावत नाहीत, तर तीनशे मीटर रायफलला बहुतेक ठिकाणी मोजकेच नेमबाज उभे राहतात. प्रकार अवघड म्हणून, असं सांगितलं जातं. ते मला पटत नाही. दहा मीटर रायफलच्या लक्ष्यावर दहा गुणांचा ठिपका जेमतेम 0.5 मिलिमीटरचा असतो. त्याला सोपं कोण म्हणेल?

अडतं ते जागेपाशी. 4.5 मिलिमीटरचा छर्रा एखाद्या सभागृहातही झाडता येतो. तीनशे मीटरला भक्कम मातीचा बांध आणि मोकळं रान हवं. ट्रॅप, म्हणजे हवेत उडणाऱ्या तबकड्या बंदुकीनं टिपण्याचा प्रकार; त्याच्या खंदकात तबकड्या फेकणारी 15 यंत्रं लागतात. वर सरावाच्या प्रत्येक फैरीला काडतूस खर्ची पडतं ते वेगळंच.

मग येते ऑलिम्पिकची यादी. तीनशे मीटर 1972च्या म्युनिकनंतर गेलं. 1984 मध्ये एअर रायफल आली, 1988 मध्ये एअर पिस्तूल. पळतं लक्ष्य 2004 नंतर बंद झालं. यादीतून नाव गेलं की निधी आटतो, प्रशिक्षक दुसरीकडे वळतात आणि नवी मुलं तिकडे फिरकत नाहीत.

चटका लावणारी कथा फ्री पिस्तुलाची. 1896च्या पहिल्याच ऑलिम्पिकमध्ये ते होतं, तेव्हा 30 मीटरवर. पुढे 50 मीटर झालं. चाप ओढायला किमान किती जोर लागावा, यावर मर्यादा नाही, मूठ हाताच्या मापानं कोरलेली. इतकं खास हत्यार, की दुसऱ्या प्रकारात चालत नाही. 2016च्या रिओ ऑलिम्पिकनंतर, स्त्री-पुरुषांच्या स्पर्धा समसमान करताना, ते वगळलं गेलं. 50 मीटर रायफल प्रोन (पालथं झोपून नेम धरण्याचा प्रकार) आणि डबल ट्रॅप (एका वेळी दोन तबकड्यांचा) हेही सोबत गेले. उद्देश रास्तच होता. पण ऑलिम्पिकमध्ये स्त्रियांसाठी फ्री पिस्तुलाची स्पर्धा कधी ठेवलीच नव्हती, हेही खरं. स्कीट या तबकड्या टिपण्याच्याच दुसऱ्या प्रकारात तर 1992 ला चीनच्या चांग शाननं पुरुषांसोबत खेळून सुवर्ण जिंकलं आणि 1996 ला स्त्रियांना त्या प्रकारात जागाच उरली नाही. स्त्रियांचं स्वतंत्र स्कीट आलं 2000 मध्ये.

स्वित्झर्लंडमध्ये मात्र तीनशे मीटर ओस पडलेलं नाही. तिथं गावोगावी रेंज आहेत, सैनिकी सेवेची जुनी परंपरा आहे. फेल्डशीसन या वार्षिक मेळ्याला लाखाहून अधिक लोक येतात आणि त्यातली रायफल झाडली जाते ती तीनशे मीटरवरच.