तपासणीला मासे आणताना: बर्फातले नकोत, जिवंत हवेत

थर्माकोलचा डबा, त्यात बर्फ, बर्फात पहाटे मेलेले चार रोहू आणि सोबत मागणी, "पीसीआर करून द्या." असे डबे आमच्याकडे पुण्यात नेहमी येतात. इंदापूरहून तीन तास गाडी चालवून आलेल्या माणसाला "जिवंत मासे घेऊन या" म्हणताना आम्हालाही जड जातं. तरी म्हणतो, कारण पैसे तुमचे जातात.

कातडीवर आणि कल्ल्यांवर राहणारे बहुतेक परजीवी मासा मेला की त्याला सोडतात, नाहीतर तिथेच मरून विरघळतात. ट्रायकोडिना हा एकपेशीय परजीवी जिवंत असेल तर मायक्रोस्कोपखाली दातेरी चकतीसारखा गरगर फिरतो, नवख्यालाही ओळखू येतो. बर्फातल्या कल्ल्यावर बरेचदा नुसता चिकटा उरतो. रिपोर्ट येतो "काही आढळले नाही", आणि तळ्यात मरतुक चालूच राहते.

पीसीआर हा शब्द कोविडपासून घरोघरी पोचला. चाचणी उत्तम आहे, पण ज्या परजीवीसाठी लावली त्याचाच डीएनए ती शोधते. तो जिवंत होता का, हे नेहमीची पीसीआर सांगत नाही; कल्ल्यावर पाच होते की पाचशे, हेही नाही. औषधाचा निर्णय त्यावरच असतो, म्हणून आम्ही आधी ओली स्लाइड बघतो, म्हणजे कल्ल्याचा किंवा कातडीचा ताजा नमुना पाण्याच्या थेंबात मायक्रोस्कोपखाली. डॅक्टायलोगायरस या कल्ल्यांवरच्या बारीक कृमीला डोळ्यांचे चार काळे ठिपके असतात आणि तो अंडी घालतो. अंड्यांवर औषध सहसा चालत नाही, म्हणून दुसरा डोस लागतो. त्याच्यासारखाच दिसणारा गायरोडॅक्टायलस पिल्लंच जन्माला घालतो. हा फरक स्लाइडवर काही मिनिटांत कळतो, खर्चही कमी. संसर्ग अगदी हलका असेल किंवा नेमकी जात ठरवायची असेल, तर पीसीआर आम्ही स्वतःहून सुचवतो.

आतल्या अवयवांचं नुकसान बघायचं तर तुकडा फॉर्मेलिनमध्ये लागतो, पण फॉर्मेलिनमध्ये डीएनए खराब होतो. पीसीआरचा तुकडा अल्कोहोलमध्येच ठेवा. दोन्हीच्या बाटल्या आमच्याकडून मोफत न्या.

सुस्तावलेले, कडेला येऊन तोंड वर काढणारे पाच-सहा मासे निवडा. मत्स्यबीज येतं तशा पिशवीत, एक तृतीयांश तळ्याचंच पाणी, बाकी ऑक्सिजन. नळाचं पाणी नको, क्लोरीन असतं. मीठ किंवा पोटॅशियम परमँगनेट टाकण्याआधी मासे काढा. उजनी भागात आमचा माणूस मायक्रोस्कोप घेऊन धरणातल्या मासे वाढवायच्या पिंजऱ्यापर्यंतही येतो. स्वतः येणार असाल तर निघताना फोन करा, म्हणजे पिशवी उघडताक्षणी स्लाइड लावता येईल.