फेरफार आणि सातबारा: अपडेटच्या दोन जाती

२०१६ च्या आधी ज्यांनी विंडोज ७ चा संगणक फॉरमॅट करून नव्याने उभा केला असेल, त्यांच्या ती संध्याकाळ लक्षात असेल. मूळ प्रणाली तासाभरात बसायची. मग अपडेट शोधणारी हिरवी पट्टी सरकत राहायची, पंखा घरघरायचा आणि बऱ्याच वेळाने शंभराच्या वर अपडेटांची यादी समोर यायची. ती सगळी बसवून, संगणक पुन्हा सुरू करून बघावं, तर आणखी काही दारात उभीच. कारण काही पॅच, म्हणजे दुरुस्तीचे सुटे तुकडे, असे होते, की आधीचे पॅच बसल्याशिवाय त्यांची पाळीच येत नसे.

आज विंडोज ११ चा लॅपटॉप सहा महिने कपाटात ठेवून बाहेर काढला, तरी सुरक्षेचं मुख्य अपडेट एकच येतं. मधल्या पाच महिन्यांचं काय झालं, असं ते विचारतही नाही.

हा फरक समजायला तलाठ्याचं दप्तर बरं पडतं. फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये, फक्त बदल लिहिलेले असतात: वारस लागले, हिस्सा विकला, बोजा चढला, बोजा उतरला. प्रत्येक नोंद आधीच्या नोंदी झालेल्या आहेत असं धरून चालते. आजोबांच्या पश्चात वारसनोंदच राहिली असेल, तर नातवाने केलेली विक्री चढवायची कशावर? सातबाऱ्यावर मात्र आज जमीन कोणाच्या नावे आहे ते थेट दिसतं. इन्क्रिमेंटल अपडेट म्हणजे फेरफार. क्युम्युलेटिव्ह अपडेट म्हणजे ताजा सातबारा. उपमा थोडी ताणलेली आहे, कारण क्युम्युलेटिव्हमध्ये अख्खी प्रणाली नसते. मूळ आवृत्तीपासून आजवर जे जे बदललं, त्याची आजची अवस्था तेवढी असते.

फेरफाराचा काटेकोरपणा पाहायचा तर अँड्रॉइड फोनकडे बघावं. तिथे अपडेट दोन प्रकारचं असतं. 'फुल'मध्ये प्रणालीची संपूर्ण नवी प्रत येते. 'इन्क्रिमेंटल'मध्ये जुन्या प्रतीवर कुठे काय बदलायचं, एवढीच सूचना येते. २०१४ च्या अँड्रॉइड ५ पासून ही तुलना फायलींऐवजी थेट साठवणीच्या ठोकळ्यांवर होऊ लागली. त्यामुळे अपडेट बसवण्यापूर्वी जुन्या ठोकळ्यांचा ठसा, म्हणजे हॅश, तपासला जातो आणि तो तंतोतंत जुळावा लागतो. फोन रूट करणाऱ्या, म्हणजे त्याच्या मूळ प्रणालीवर पूर्ण ताबा घेणाऱ्या, हौशी मंडळींना याचा फटका बसला. त्यांनी एकही फाईल बदललेली नसली, फक्त सिस्टीमचा भाग एकदा लिहिण्याजोगा करून उघडला असला, तरी तेवढ्याने काही बाइट बदलत आणि अपडेट नकार देत असे. हा नकार त्रासदायक वाटला तरी रास्त होता. चुकीच्या प्रतीवर बदल चढवला असता, तर फोनची वीट झाली असती, म्हणजे तो सुरूच झाला नसता.

एवढे नखरे सोसायचे कशासाठी? आकारासाठी. आणि इथे एक सुंदर कोडं आहे. प्रोग्रामरने एक ओळ वाढवली, तर तयार झालेल्या फाईलमध्ये बदल किती होतो? अपेक्षेपेक्षा फार जास्त. जाड पुस्तकात सुरुवातीलाच एक पान घुसवलं की पुढचे सगळे पृष्ठक्रमांक सरकतात आणि 'पाहा पृष्ठ २१२' असे सगळे उल्लेख चुकतात, तसंच. प्रोग्रामच्या पोटात असे हजारो पत्ते असतात. मजकूर तोच, पण पत्ते सगळीकडे बदललेले.

कॉलिन पर्सिव्हल यांच्या बीएसडिफने यावर तोड काढली. जुन्या आणि नव्या फाईलमधले मिळतेजुळते भाग शेजारी ठेवायचे आणि बाइटमधून बाइट वजा करायची. उत्तरात बहुतेक ठिकाणी शून्य येतं. जिथे पत्ते सरकलेत, तिथेही तेच तेच आकडे पुन्हापुन्हा येतात, आणि अशी रटाळ माहिती दाबून लहान करणं फार सोपं असतं. गूगलने २००९ मध्ये क्रोम ब्राउझरसाठी आणलेलं कूर्जेट याच्या एक पाऊल पुढे गेलं. त्याने आधी प्रोग्राम उलगडून पत्त्यांच्या जागी खुणेची नावं घातली आणि मग तुलना केली. गूगलने दिलेल्या एका उदाहरणात पूर्ण अपडेट १,०३,८५,९२० बाइटचं होतं, बीएसडिफने केलेलं ७,०४,५१२ बाइटचं आणि कूर्जेटचं अवघं ७८,८४८ बाइटचं. एक कोटीवरून ऐंशी हजाराच्या आत!

मग मायक्रोसॉफ्टने सुटे पॅच सोडून जाडजूड क्युम्युलेटिव्हची वाट का धरली? २०१५ चं विंडोज १० सुरुवातीपासूनच त्या वाटेवर होतं, आणि ऑक्टोबर २०१६ पासून विंडोज ७ आणि ८.१ लाही मासिक गठ्ठे लागू झाले. कारण साध्या गणितात आहे. सुटे २० पॅच असतील आणि त्यांतला प्रत्येक बसवायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवायचं असेल, तर १०,४८,५७६ प्रकारचे संगणक संभवतात. कंपनीच्या प्रयोगशाळेत सगळे पॅच बसलेला संगणक तपासला जायचा. बाहेर मात्र कोणी सात बसवलेले, कोणी अकरा, कोणी 'हा नको बुवा' म्हणून एक वगळलेला. कोणाच्या घरी नेमकं काय मोडलंय, ते शोधणार कसं? गठ्ठा केला की एका महिन्यात एकच अवस्था उरते.

पण गठ्ठा म्हटला की निवड संपली. जानेवारी २०१८ मध्ये मेल्टडाउन आणि स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या त्रुटींवरचे उपाय आले, तेव्हा हे चांगलंच जाणवलं. एएमडी कंपनीचे प्रोसेसर असलेले काही जुने संगणक त्या अपडेटनंतर सुरूच होईनात, म्हणून मायक्रोसॉफ्टला त्यांच्यापुरतं वाटप थांबवावं लागलं. शिवाय काही अँटिव्हायरसांशी या उपायाचं पटत नव्हतं. म्हणून अट घातली गेली: अँटिव्हायरसने 'आमचं जमतं' अशी खूण रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंगांच्या नोंदवहीत, ठेवली तरच अपडेट मिळेल. खूण नसेल तर जानेवारीचं नाही, फेब्रुवारीचं नाही, पुढचं कुठलंच नाही, कारण पुढच्या प्रत्येकाच्या पोटात जानेवारीचं होतंच. काही आठवड्यांनी विंडोज १० पुरती ही अट उठली, पण सुटे पॅच असते तर ती त्या एका पॅचपुरतीच राहिली असती.

दुसरी अडचण वजनाची. मूळ आवृत्ती जितकी जुनी, तितका गठ्ठा जड. म्हणून मायक्रोसॉफ्टने मधल्या काळात कचेऱ्यांसाठी 'डेल्टा' नावाचा फेरफारही ठेवला होता, फक्त मागच्या महिन्यापासूनचा बदल. ऑक्टोबर २०१७ मध्ये तो चुकून पूर्ण गठ्ठ्याबरोबर एकाच वेळी कंपन्यांच्या अपडेट सर्व्हरवर गेला. दोन्ही एकदम बसलेले संगणक बंद पडल्याचा निळा पडदा दाखवून बसले. महिन्याचा दुसरा मंगळवार हा २००३ पासून अपडेटचा वार. आपल्याकडे तोवर मंगळवारची रात्र झालेली असते, तेव्हा असल्या गोंधळाची सकाळ नेमकी बुधवारी उजाडते. एप्रिल २०१९ मध्ये डेल्टा बंद झाले.

त्याआधीच, २०१८ च्या अखेरीच्या विंडोज १० आवृत्तीपासून, मला सगळ्यात आवडणारी युक्ती आली होती. तुमचा संगणक कुठल्या महिन्यावर आहे हे माहीत नसताना लहान फरक पाठवायचा कसा? प्रत्येक गठ्ठ्यात दोन फरक ठेवायचे: मूळ आवृत्तीवरून आजच्या अवस्थेत नेणारा, आणि आजच्या अवस्थेतून मूळ आवृत्तीवर परत आणणारा. मार्चवर थांबलेला संगणक मार्चमध्ये मिळालेला उलटा फरक वापरून आधी मूळ गावी जातो आणि तिथून नव्या सुलट्या फरकाने थेट ऑगस्टला पोहोचतो. फेरफाराचा हलकेपणा मिळाला आणि सातबाऱ्याचा बेफिकीरपणाही राहिला. विंडोज ११ मध्ये तर कोणाच्या तरी लक्षात आलं, की सुलटा फरक चढवताना संगणक स्वतःच उलटा फरक लिहून ठेवू शकतो, तो पाठवायचा कशाला? अपडेटचा आकार त्यामुळे सुमारे ४० टक्क्यांनी उतरला.

तरीही मूळ गाव दरवर्षी लांब जातच राहतं. म्हणून विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत मायक्रोसॉफ्टने वाटेत मुक्काम बांधायला घेतले. सप्टेंबर २०२४ चं अपडेट हा पहिला 'चेकपॉइंट', आणि पुढच्या अपडेटांचा फरक मूळ आवृत्तीऐवजी तिथून मोजायचा. घरच्या संगणकावर हे आपोआप होतं, कोणाला कळतही नाही. पण जो सिस्टीम अ‍ॅडमिन इंटरनेट नसलेल्या संगणकावर हाताने अपडेट चढवतो, त्याला आता चेकपॉइंटची फाईल आणि नवी फाईल एकाच फोल्डरमध्ये ठेवावी लागते. आधीची नोंद झाल्याशिवाय पुढची चढत नाही.