टाकीवरची टकटक : ऑस्ट्रेलियातल्या कोरड्या वर्षांची पार्श्वभूमी

ऑस्ट्रेलियाच्या शेतीमुलखात घराला खेटून पन्हळी पत्र्याची एक गोल टाकी उभी असते. छपरावर पडलेला पाऊस पन्हळीतून तिच्यात उतरतो आणि कित्येक घरांत पिण्याचं पाणी तेवढंच असतं. पाऊस लांबला की घरातलं कुणी ना कुणी जाता-येता बोटांच्या पेरांनी तिच्या अंगावर टकटक करतं. वरचा पत्रा रिकामा टणटणतो, पाणी लागलं की आवाज बद्द होतो. तो पत्र्याच्या कितव्या वळीवर बद्द झाला, त्यावर त्या आठवड्यात कपडे धुवायचे की नाही ते ठरतं. आपण माठ घेताना एकदाच वाजवून पाहतो, ही माणसं आपली टाकी महिनोन्‌महिने वाजवत असतात.

या सवयीमागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे. कोरडं वर्ष हा इथला अपवाद नाही, हे घरातल्या माणसांना फार आधी कळलं होतं. जमिनीचे कायदे, कर्जं आणि सरकारी मदत मात्र चांगला पाऊस हाच नियम धरून चालत राहिली.

तिथले दोन शब्द आधी समजून घेतलेले बरे. 'स्टेशन' म्हणजे मेंढ्यांचं वा गुरांचं हजारो एकरांचं रान, रेल्वेशी त्याचा संबंध नाही. आणि 'डॅम' म्हणजे धरण नव्हे, शेततळं. "डॅम आटला" असं एखादा शेतकरी म्हणाला, तर त्याच्या बांधावरच्या खड्ड्यात आता नुसता चिखल उरलाय असं समजायचं. त्या चिखलात पाण्याच्या आशेनं उतरलेल्या मेंढ्या रुततात. दोरी लावून त्यांना ओढून काढणं हे कोरड्या वर्षातलं रोजचं सकाळचं काम.

हजारो वर्षं या भूमीवर राहिलेल्या मूळ रहिवाशांनी एका जागी ठाण मांडून पावसाची वाट पाहण्याचा हट्ट केला नव्हता. खडकातल्या नैसर्गिक कुंडांची आणि कोरड्या पात्रातल्या झऱ्यांची ठिकाणं त्यांना तोंडपाठ होती, आणि पाणी सरकेल तसे ते सरकत. युरोपीय वसाहतवाले आले ते कुंपणं आणि सातबारा घेऊन. सरकता न येणं हीच त्यांची खरी अडचण झाली.

१८६३ ते १८६६ या काळात 'दक्षिण ऑस्ट्रेलिया' या वसाहतीत मोठं अवर्षण पडलं. स्टेशनवाले खंडमाफी मागू लागले, तेव्हा नेमकं नुकसान कुठवर झालंय हे पाहायला वसाहतीचा सर्व्हेअर जनरल, म्हणजे जमीनमोजणीचा प्रमुख, जॉर्ज गॉयडर १८६५ च्या अखेरीस घोड्यावर बसून निघाला. तो तीन हजार किलोमीटरहून जास्त हिंडला. पावसाचे आकडे हाताशी जवळजवळ नव्हतेच, म्हणून त्यानं झाडोरा वाचला. मॅली नावाचं खुरटं निलगिरीचं रान संपून सॉल्टबुशची राखाडी, खारट झुडपं कुठे सुरू होतात ते तो टिपत गेला आणि नकाशावर एक रेघ ओढली. रेघेच्या दक्षिणेला गहू पेरा, उत्तरेला पावसाचा भरवसा नाही, तिथे फार तर मेंढ्या चारा. वर्षाला साधारण २५० मिलिमीटर पावसाची सीमा ही रेघ बऱ्याच अंशी धरून चालते, हे पुढे मोजण्यांतून दिसलं. झुडपं पाहून काढलेल्या रेघेला ही फार मोठी दाद आहे.

१८७२ मध्ये कायद्यानं ती रेघ मानली आणि गव्हासाठी उधारीवर जमीन द्यायची ती दक्षिणेलाच, असं ठरलं. मग दोन-तीन वर्षं आभाळ उदार झालं. उत्तरेलाही हिरवळ दिसू लागली आणि जमिनीसाठी आरडाओरडा सुरू झाला. "नांगरामागून पाऊस येतो" अशी एक समजूत तेव्हा अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात फिरत होती. जमीन नांगरली की हवा बदलते आणि पाऊस वाढतो, म्हणे! १८७४ मध्ये सरकारनं रेघेचं बंधन काढून टाकलं. लोक बैलगाड्या घेऊन उत्तरेला सरकत गेले. नव्या गावांच्या आखण्या झाल्या, प्लॉट पडले. त्यातलं एक गाव १८७८ मध्ये आखलं गेलं, त्याचं नाव ठेवलं फरिना. लॅटिनमध्ये फरिना म्हणजे पीठ. जिथे वर्षाला २०० मिलिमीटरही पाऊस नाही, तिथे गव्हाच्या पिठाचं नाव!

१८८० च्या दशकाच्या सुरुवातीलाच पाऊस पुन्हा आपल्या मूळ स्वभावावर आला. पेरलेलं उगवलं नाही, उगवलं ते करपलं. कुटुंबं परत दक्षिणेला आली आणि मागे दगडी घरांच्या भिंती व धुराडी उरली. रेघेच्या उत्तरेला आजही माळावर ती छप्पर नसलेली घरं दिसतात. गॉयडरला आधी हसलेल्यांनीच पुढे त्याची रेघ प्रमाण मानली.

गॉयडरनं रेघ ओढली त्याच सुमारास, १८६६ मध्ये, कराचीहून शंभरावर उंट आणि त्यांना सांभाळणारी माणसं दक्षिण ऑस्ट्रेलियात उतरली. त्याआधी १८६० मध्ये एका शोधमोहिमेसाठी चोवीस उंट मेलबर्नला गेले होते, तेही कराचीहूनच. कराची तेव्हा मुंबई इलाख्यात होती. बलुच, पठाण, सिंधी, पंजाबी अशा त्या सगळ्या उंटवाल्यांना तिथे सरसकट 'अफगाण' म्हणत. चारा-पाण्याअभावी बैल आणि घोडे जिथे कोसळत, तिथून लोकरीचे गठ्ठे बाहेर काढायचे आणि पिठाची पोती आत न्यायची, हे काम उंटांनी कित्येक दशकं केलं. दुष्काळातली अंतर्भागाची रसद त्यांच्या पाठीवर होती.

मग आला तो १८९५ ते १९०२-०३ चा दुष्काळ. १९०१ साली सहा वसाहतींचं एक राष्ट्र झालं, म्हणून त्याला 'फेडरेशन दुष्काळ' म्हणतात. १८९१ मध्ये देशात दहा कोटींहून अधिक मेंढ्या होत्या, १९०२ च्या सुमारास पाच कोटींच्या थोड्या वर उरल्या. नुसत्या पावसाला दोष देऊन हा आकडा समजत नाही. चांगल्या वर्षांचा हिशोब धरून रानात झेपतील त्याहून जास्त मेंढ्या घातलेल्या होत्या, आणि १८५९ मध्ये शिकारीच्या हौसेनं सोडलेल्या सशांची कोट्यवधी पिल्लावळ उरलंसुरलं गवत मुळासकट खात होती. डार्लिंग नदीचं पात्र बर्क गावाजवळ कोरडं पडलं. त्या नदीतून लोकरीच्या आगबोटी चालत, त्या थांबल्या. २६ फेब्रुवारी १९०२ हा दिवस न्यू साउथ वेल्समध्ये पावसासाठी सार्वजनिक प्रार्थनेचा म्हणून पाळला गेला.

प्रार्थनेनं भागलं नाही तेव्हा तोफा आल्या. क्लेमेंट रॅग हा क्वीन्सलंडचा सरकारी हवामानतज्ज्ञ. युरोपात गारा पांगवायला द्राक्षमळेवाले आभाळाकडे तोंड करून कर्ण्यासारख्या तोफा डागत, तशा सहा तोफा त्यानं सप्टेंबर १९०२ मध्ये चार्लव्हिल गावात उभ्या केल्या. बार उडाले, धूर झाला, पाऊस आला नाही. त्यातल्या दोन तोफा अजून त्या गावातल्या बागेत ठेवलेल्या आहेत. हसू येतं खरं, पण धोंडी काढणाऱ्या आणि विमानातून ढगांवर मीठ फवारणाऱ्या मुलखातल्या माणसांनी जरा बेतानंच हसावं.

जमिनीखाली मात्र पाणी होतं. १८७८ मध्ये बर्कजवळच्या कलारा स्टेशनवर अवघ्या ५३ मीटरवर बोअरमधून पाणी आपोआप उसळून वर आलं. ग्रेट आर्टेशियन बेसिन या सतरा लाख चौरस किलोमीटरच्या भूजलसाठ्याची ती पहिली चाहूल. पुढच्या चाळीसेक वर्षांत पंधराशेच्या आसपास वाहते बोअर झाले. पाण्याचा दाब इतका की पंपाची गरज नाही, आणि काही ठिकाणी ते इतकं गरम की आधी थंड करून मगच गुरांना पाजायचं. बर्ड्‌सव्हिलचं पाणी वर येतं तेव्हा ९८ अंशांवर असतं. लोकांनी बोअर उघडे सोडले आणि मैलोन्‌मैल मातीचे चर खणून पाणी वाहू दिलं. त्यातलं बहुतेक पाणी वाफ होऊन किंवा मुरून गेलं, मेंढीच्या तोंडी गेलं ते थोडं. दाब घटू लागल्यावर जाग आली. १९९९ पासून सरकारी पैशातून बोअरना झाकणं आणि चरांच्या जागी नळ घालण्याचं काम मोठ्या प्रमाणावर झालं. बोअरवेलच्या शर्यतीत विहिरी कोरड्या पडलेल्या आपल्या गावांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

बाहेर हे सगळं चाललेलं असताना घराच्या आत एक वेगळंच शास्त्र तयार होत होतं. घराभोवती चारी बाजूंनी रुंद व्हरांडा. शब्द आपल्या ओळखीचा आहे, इंग्रजांनी तो हिंदुस्थानातूनच उचलला. पश्चिम ऑस्ट्रेलियात १८९० च्या दशकात सोन्याच्या खाणींपाशी 'कूलगार्डी सेफ' निघाली. ही जाळीची किंवा गोणपाटाच्या भिंतींची कपाटी. वर पाण्याचा ट्रे, त्यातून गोणपाट ओलं राहायचं आणि वाऱ्यानं आतलं लोणी, मांस गार. गाडीच्या पुढे पाण्याची कॅनव्हासची पिशवी लटकवलेली असे. आपल्याकडच्या जुन्या ट्रकवाल्यांची छागल ती हीच.

न्हाणीघरात टबातलं एकच पाणी सगळ्या घरानं क्रमानं वापरायचं, धाकट्यापासून थोरल्यापर्यंत. मग त्यात कामाचे कपडे बुचकळायचे आणि शेवटी बादलीनं लिंबाच्या झाडाला घालायचं. हिरवळ आणि गुलाब मेले तरी चालतील, स्वयंपाकघरामागचं लिंबाचं झाड जगलं पाहिजे, हा तिथल्या गृहिणींचा अलिखित नियम. धुळीचं वादळ दिसलं की दाराखाली ओले टॉवेल खुपसायचे. जेवणाची टेबलं मांडताना ताटल्या पालथ्या ठेवायच्या आणि वाढायच्या क्षणी उलटायच्या. रानात पुरुष 'मल्गा' आणि 'कुरजाँग' नावाच्या झाडांच्या फांद्या तोडून गुरांपुढे टाकायचे, पूर्वी कुऱ्हाडीनं, आता चेनसॉनं. तेही संपलं की गुरं रस्त्याकडेच्या सरकारी चराऊ पट्ट्यांवर काढायची. या पट्ट्यांना तिथे 'लाँग पॅडक' म्हणतात, म्हणजे लांबलचक कुरण. चारा छावणीच म्हणा, फक्त चालती.

धुळीचा उगम बऱ्याच अंशी नांगरात होता. पेरणीआधी रान उघडं, भुसभुशीत करून ठेवायची पद्धत, आणि वर कोरडा वारा. १९३० आणि १९४० च्या दशकांत मॅली भागात वाळूनं कुंपणं गाडली. न्यू साउथ वेल्सनं १९३८ मध्ये मृदसंधारणाचा कायदा केला, पण सवय मोडायला वेळ लागला. ८ फेब्रुवारी १९८३ ला वायव्येकडच्या मॅली-विमेरा भागातली तांबडी माती भिंतीसारखी मेलबर्नवर येऊन आदळली, भर दुपारी अंधार झाला. आठच दिवसांनी 'ॲश वेन्सडे'चे वणवे पेटले आणि ७५ माणसं गेली. आज बहुतेक गहूवाले जुन्या पिकाची धसकटं तशीच ठेवून न नांगरता पेरतात.

आपल्याशी खरं नातं आहे ते आभाळाचं. दक्षिण ऑस्ट्रेलियाचा सरकारी खगोलज्ञ चार्ल्स टॉड याच्याकडे तारघरांतून पावसाच्या नोंदी येत. त्या हिंदुस्थानच्या नोंदींशी ताडून पाहिल्यावर १८८८ मध्ये त्यानं लिहिलं, की दोन्ही देशांतले मोठे दुष्काळ सहसा एकाच वेळी पडतात. पुढे हिंदुस्थानच्या वेधशाळांचा प्रमुख गिल्बर्ट वॉकर मान्सूनचा अंदाज शोधता शोधता प्रशांत आणि हिंदी महासागरांवरच्या हवेच्या दाबाच्या झोक्यापर्यंत पोहोचला. १९२४ मध्ये त्यानं त्याला 'सदर्न ऑसिलेशन' नाव दिलं. एल निनोच्या आजच्या समजेचं अर्धं मूळ तिथे आहे. १८७७, १८९९, १९७२, १९८२, २००२ ही एल निनोची सालं दख्खनच्या पठारावरही ओळखीची आहेत. गणित दर वेळी जुळतंच असं नाही. १९९७ चा एल निनो जबर होता, तरी मान्सून बरा गेला.

सरकारी धोरणाची गोष्ट त्या मानानं रुक्ष आहे. १९७१ पासून दुष्काळ पूर-वादळांच्या पंगतीत, नैसर्गिक आपत्ती म्हणून मदतीला पात्र होता. १९८९ मध्ये केंद्र सरकारनं त्याला त्या यादीतून काढलं आणि १९९२ च्या राष्ट्रीय धोरणानं सांगितलं, की दुष्काळ हा शेतीधंद्याचा नेहमीचा धोका आहे, शेतकऱ्यानं त्याची तजवीज करावी. 'अपवादात्मक परिस्थिती'साठी खिडकी उघडी ठेवली. नंतरच्या 'मिलेनियम दुष्काळा'त, म्हणजे २००९ पर्यंतच्या दीर्घ अवर्षणात, त्या खिडकीतून अब्जावधी डॉलर गेले आणि काही भाग वर्षानुवर्षं अपवादात्मकच राहिले. पुढे ती योजना बंद झाली. २०१९ मध्ये ३९० कोटी डॉलरचा भावी दुष्काळ निधी आला.

त्याच २०१९ मध्ये देशभराचा सरासरी पाऊस २७७ मिलिमीटरच्या आसपास भरला, नोंदी सुरू झाल्यापासूनचा सर्वांत कमी. १८ डिसेंबरला संपूर्ण देशाचं सरासरी कमाल तापमान ४१.९ अंश होतं. जानेवारी २०२० मध्ये क्वीन्सलंडमधल्या स्टॅन्थॉर्प गावचं धरण आटलं आणि पाणी टँकरनं आणावं लागलं.

अशा महिन्यांतही सकाळी नऊ वाजता हजारो घरांत एक काम चुकत नाही. अंगणातलं पर्जन्यमापक पाहायचं आणि वहीत आकडा लिहायचा. हवामान खात्यासाठी हे काम करणारे बहुतेक स्वयंसेवक आहेत, आणि काही कुटुंबांत ही वही पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली आहे. १९७४ पासून मिलिमीटर आले, तरी जुने शेतकरी अजून 'पॉइंट'मध्येच बोलतात. शंभर पॉइंट म्हणजे एक इंच. चार पॉइंट म्हणजे साधारण एक मिलिमीटर. दोनशे चौरस मीटरच्या छपरावर चार पॉइंट पडले तर कागदावर दोनशे लिटर होतात. पण कोरड्या महिन्यांनंतरचा पहिला पाऊस छपरावरची तांबडी धूळ आणि गलाह पाखरांची शीट घेऊन उतरतो. म्हणून ढग दिसताच कुणीतरी शिडी लावून पन्हळीचा नळ टाकीवरून बाजूला करतं. तो पहिला पाऊस तसाच जमिनीवर जाऊ देतात, आणि छप्पर धुऊन निघाल्याशिवाय नळ परत टाकीवर येत नाही.