काचेची धार दिसते, वजन दिसत नाही

काचेच्या कारखान्यातला अपघात म्हटला की डोळ्यांपुढे रक्ताळलेला हात येतो. नुकत्याच कापलेल्या काचेची कड खरोखरच भयंकर असते. जाड हातमोजे आणि मनगटावरच्या पट्ट्या यांनी त्यातल्या बऱ्याच जखमा टळतात. मला जास्त भीती वाटते ती वजनाची.

1 चौरस मीटर काचेची जाडी फक्त 1 मिलिमीटर असली, तरी ती अडीच किलो भरते. म्हणजे 3 मीटर लांब, 2 मीटर रुंद, 6 मिलिमीटर जाड शीट झाली 90 किलोंची. अशा दहा शीट स्टँडला किंचित तिरप्या टेकवलेल्या असतात. मागची एक काढायची म्हणून कुणी पुढच्या आपल्याकडे झुकवतो. उभ्या रेषेच्या अलीकडे त्या थोड्याशा जरी आल्या, तरी शेकडो किलोंचा भार अंगावर येऊ लागतो, आणि तो हातांनी थोपत नाही. पडणारी वस्तू सावरायला आपण नकळत पुढे होतो. इथे तेच जिवावर बेतू शकतं. काच पडत असेल तर पडू द्यावी, बाजूला व्हावं. कामाच्या पहिल्याच दिवशी हे शिकवायला हवं.

भट्टीचा घाव सावकाश बसतो. सुमारे 1500 अंश सेल्सिअसला वितळलेल्या काचेतून डोळ्यांना न दिसणारे अवरक्त किरण निघतात. डोळ्यातल्या भिंगाला रक्तवाहिन्या नसल्यानं तिथली उष्णता लवकर वाहून जात नाही. वर्षानुवर्षं भट्टीकडे पाहून भिंग गढूळ होतं. हाच काच फुंकणाऱ्यांचा मोतीबिंदू. इंग्रज शास्त्रज्ञ विल्यम क्रुक्स यांनी 1913 च्या सुमारास हे किरण अडवणाऱ्या चष्म्याच्या काचा तयार केल्या, त्या याच कामगारांसाठी.

आरशांची कथा अधिक दुःखद आहे. पूर्वी काचेमागे कथील आणि पारा यांचा थर देत. व्हेनिसजवळच्या मुरानो बेटावरच्या आरसे करणाऱ्यांचे हात पाऱ्याच्या वाफेनं थरथरतात, हे रामाझ्झिनी या इटालियन वैद्यानं 1700 मध्येच नोंदवलं होतं. पुढे जर्मन रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांच्या 1835 च्या शोधातून चांदीचा थर देण्याची वाट सापडली आणि पारा हळूहळू मागे पडला.

चांदीचं द्रावणही निर्धोक नाही. सिल्व्हर नायट्रेट आणि अमोनियाचं मिश्रण साठवून ठेवलं, तर त्यात धक्क्यानंही फुटणारं स्फोटक संयुग तयार होऊ शकतं. म्हणून ते लागेल तेवढंच बनवतात आणि उरलेलं त्याच दिवशी निष्प्रभ करतात.