सासऱ्यांना ‘मामाजी’ का म्हणतात?

अमरावती जिल्ह्यातल्या आमच्या खेड्यात आई डोक्यावरचा पदर सावरून दाराआडून म्हणायची, “मामाजी, ताट वाढलं.” आजोबा तिचे सासरे होते, मग ते मामा कसे झाले, हे कोडे मला लहानपणी सुटत नसे.

त्याचे उत्तर एका जुन्या चालीत आहे. मुलगी आत्याच्या घरी दिली की आत्याच तिची सासू होते, म्हणून सासूला ‘आत्याबाई’. दक्षिणेकडच्या नातेव्यवस्थेत तर मामा, आत्याचा नवरा आणि सासरा ही तिन्ही माणसे एकाच नावाखाली येतात. तमिळमध्ये तिघांनाही ‘मामा’च म्हणतात. मामेबहिणीशी आणि आतेबहिणीशी लग्न करणे ही दक्षिणेची चाल असल्याची नोंद बौधायन धर्मसूत्रात आहे. आमच्या वर्धेकाठच्या कौंडिण्यपूरची रुक्मिणी घ्या. भागवतातील कथेप्रमाणे तिचा मुलगा प्रद्युम्न याचे लग्न रुक्मीच्या, म्हणजे सख्ख्या मामाच्या मुलीशी झाले. इरावती कर्वे यांनी १९५३ साली नातेव्यवस्थेवरील आपल्या ग्रंथात महाराष्ट्र उत्तर-दक्षिणेच्या सांध्यावर ठेवला, तो मला अगदी योग्य वाटतो.

कारण शब्दांचा दुसरा थर उत्तरेकडून आला आहे. संस्कृत ‘स्नुषा’ प्राकृतात ‘सुण्हा’ झाली आणि मराठीत ‘सून’. लॅटिनमधली ‘नुरुस’ तिचीच बहीण. ‘देवृ’चा ‘दीर’ झाला, ‘यातृ’ची ‘जाऊ’ झाली. आरंभीच्या ‘य’चा ‘ज’ होणे हा नियमच आहे; बैलांच्या मानेवरचे ‘जू’ही मूळच्या ‘युगा’तूनच आले. संस्कृत-लॅटिनच्या या प्राचीन भाषाकुळात सोयरिकीचे जे शब्द खात्रीने जुळतात, ते बहुतेक नवऱ्याच्या माणसांचे आहेत, आणि यावरून भाषाशास्त्रज्ञ असा निष्कर्ष काढतात की मुलगी सासरी राहायला जात असे. ‘विवाह’ शब्दातला ‘वह्’ धातूही वाहून नेण्याचाच आहे. ‘माहेर’ म्हणजे मात्र ‘मातृगृह’, आईचे घर.

मराठीत हे दोन्ही थर एकाच बाईच्या तोंडी नांदतात, याचे मला फार अप्रूप वाटते. ओळख सांगताना उत्तरेचा शब्द येतो, हाक मारताना दक्षिणेची रीत. विहिरीवर शेजारणीला “सासूला बरं नाही” असे सांगून आलेली आई घरात शिरताच विचारायची, “आत्याबाई, पाणी देऊ?”