पोटाच्या एंडोस्कोपीनंतर घरी घ्यायची काळजी

हे पत्रक पेशंटपेक्षा सोबत आलेल्या माणसाने आधी वाचावे. झोपेचे इंजेक्शन दिलेला माणूस टेबलावरून उठून नीट बोलतो, हो-हो म्हणतो, पण डॉक्टरांनी काय सांगितले ते संध्याकाळी त्याला आठवत नाही. तो त्या औषधाचाच गुण आहे. म्हणून सूचना आम्ही दोघांनाही सांगतो.

सगळ्यात महत्त्वाचा पहिला तास. दुर्बीण आत जाताना उबळ येऊ नये म्हणून घशात बधिरतेचा फवारा मारलेला असतो. त्याचा असर साधारण अर्धा ते एक तास राहतो. तोवर घशाला गिळण्याचे भान नसते आणि पाणी अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरू शकते. त्यामुळे बाहेर पडल्या पडल्या चहाच्या गाड्यावर थांबू नका. तंबाखू, पान, मशेरीही नको, कारण बधिर तोंडात थुंकी घशात कधी गेली ते कळत नाही.

तासाभराने पेशंटला ताठ बसवा आणि एक चमचा साधे पाणी द्या. ठसका न लागता गिळले, तर दोन मिनिटांनी अर्धी वाटी द्या. ठसका लागला तर थांबा आणि पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा पाहा. दोन तास उलटूनही ठसका लागतच असेल तर आम्हाला फोन करा. पाणी सुरळीत गेले की कोमट पेज, पातळ आंबील किंवा ताक-भात. गरम काही देऊ नका, बधिर तोंड भाजलेले कळत नाही. भाकरी, खर्डा आणि तांबडा रस्सा दुसऱ्या दिवशी, तेही घसा खवखवत नसेल तरच.

झोपेचे इंजेक्शन घेतले असेल तर पुढचे २४ तास गाडी चालवायची नाही. खानापूर किंवा चिकोडीहून मोटारसायकलवर आलेल्यांना आमचा आग्रह आहे की गाडी दुसऱ्याने चालवावी. पेशंटला मागे बसवण्यापेक्षा रिक्षा किंवा एसटी बरी, कारण मागे बसल्या बसल्याही डोळा लागतो. कडबाकुट्टी, पंप, विळा यांना हात लावू नये, दारू घेऊ नये, बँकेच्या किंवा जमिनीच्या कागदांवर सही करू नये. रात्री घरात कुणीतरी सोबत हवे. फक्त फवारा मारला असेल तर यातले काही लागू नाही.

पोट फुगल्यासारखे वाटणे, ढेकर येणे स्वाभाविक आहे; आत नीट दिसावे म्हणून पोटात हवा भरलेली असते. अंगणात चार फेऱ्या मारल्या की ती निघून जाते. घसा एक-दोन दिवस दुखतो. बधिरता गेल्यावर पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या करा. तुकडा तपासणीला काढला असेल तर थुंकीत रक्ताची एखादी रेघ दिसू शकते, घाबरू नका.

मधुमेहींनी जेवण हातात आल्याशिवाय इन्सुलिन किंवा गोळी घेऊ नये; उपाशीपोटी साखर एकदम उतरते. रक्त पातळ करणारी गोळी केव्हा सुरू करायची हे घरी जाण्याआधी विचारून घ्या, मनाने ठरवू नका. अंगदुखीची गोळी दुकानातून आणू नका. लागलीच तर पॅरासिटामॉल चालते.

पुढील काही झाले तर सकाळची वाट पाहू नका: छातीत, मानेत किंवा पोटात वाढत जाणारी कळ, धाप लागणे, गिळता न येणे, रक्ताची किंवा कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, डांबरासारखी काळी चिकट शौच, १००.४ अंशांवर ताप, मानेवर सूज येऊन दाबल्यावर कुरकुर लागणे. लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण ती चिकट व उग्र वासाची नसते; तरी शंका असेल तर फोन कराच. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा आणि एंडोस्कोपी कधी झाली ते आधी सांगा.

अल्सरच्या जंतूंची झटपट चाचणी केली असल्यास तिचा निकाल बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी मिळतो. तुकड्याच्या रिपोर्टला मात्र काही दिवस लागतात. तो घ्यायला येताना जुन्या गोळ्यांची पाकिटे सोबत आणा.